जोड क्वेसारच्या दोन प्रतिमा आणि कृष्णविवराचा वाटा : खानापूर तालुक्यातील एका शालेय प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या विद्यार्थिनीने राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, प्रदर्शनासाठी केलेल्या प्रकल्पाची ही नोंद आहे. शाळा, गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत. मी या प्रकल्पाचा बाहेरचा मार्गदर्शक होतो. बेळगावहून दुर्बीण नेणे, ती रोखायला आणि छायाचित्रांवर प्रक्रिया करायला शिकवणे एवढे माझ्याकडे होते. रोजचे काम शाळेतील विज्ञानाच्या बाई पाहत.

विषय विद्यार्थिनीनेच निवडला. सप्तर्षी तारकासमूहात क्यू ०९५७+५६१ नावाचा क्वेसार आहे, म्हणजे फार दूरच्या एका दीर्घिकेचे (आकाशगंगेसारख्या प्रचंड तारासमूहाचे) अतिशय तेजस्वी केंद्र. १९७९ मध्ये डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन यांनी तेथील एकमेकांपासून सुमारे ६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावरच्या दोन निळसर ठिपक्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा दोन्हींची ताम्रसृती (प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला ते सांगणारा, अंतराचा अंदाज देणारा आकडा) १.४१ अशी एकच निघाली. ते दोन क्वेसार नव्हते. एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा होत्या. वाटेत ०.३६ ताम्रसृतीची एक दीर्घिका आहे आणि तिच्या गुरुत्वामुळे मागून येणारा प्रकाश दोन वाटांनी वळून आपल्यापर्यंत येतो. गुरुत्वीय भिंगाचे हे पहिले सापडलेले उदाहरण. क्वेसारचा प्रकाश निघाला त्याला सुमारे ९ अब्ज वर्षे झाली, हे वाचल्यावर मुलीने बाईंना विचारले होते, "बाई, तेव्हा आपली पृथ्वी पण नव्हती, हो ना?" त्या दिवसापासून विषय बदलण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुर्बीण २०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, १००० मिलिमीटर नाभीय अंतराची. जांबोटीच्या पुढे सड्यावर काळोख चांगला मिळाला असता, पण त्या बाजूला गव्यांचा वावर असल्याने रात्री मुलांना तिकडे नेणे योग्य नव्हते. शेवटी मुलीच्या आजोबांच्या खळ्यात बैठक मांडली. भाताची मळणी केव्हाच उरकली होती, खळे सारवलेले आणि मोकळे होते, आणि घरातला बाहेरचा दिवा आजोबांनी स्वतः काढून ठेवला. आमच्या अक्षांशावरून हा क्वेसार उत्तरेला सुमारे ५० अंशांपर्यंतच चढतो, तोही फेब्रुवारीच्या सुरुवातीस रात्री दीडच्या सुमारास. जवळच कडेने दिसणारी एन.जी.सी. ३०७९ ही दीर्घिका आहे; तिच्यावरून वाट काढत आम्ही जागा गाठली आणि ३०-३० सेकंदांची छायाचित्रे घेत राहिलो. दवाने नळी ओली होत होती, ती मुलीची आई जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने टिपत होती. पहाटे छायाचित्रे एकावर एक रचली तेव्हा पडद्यावर दोन ठिपके उमटले, एकमेकांपासून ८ पिक्सेलांवर. एका पिक्सेलला ०.७७ विकला या हिशेबाने ते अंतर ६.२ विकला भरले.

इथपर्यंत सारे सुरळीत झाले होते.

अडचण

प्रकल्पाच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत शीर्षक होते : "कृष्णविवराने केले एका क्वेसारचे दोन". त्याखालचे वाक्य असे : "मधल्या दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या प्रचंड गुरुत्वामुळे क्वेसारचा प्रकाश वाकतो आणि आपल्याला दोन क्वेसार दिसतात." हे वाक्य मी दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा पुढे जाऊ दिले होते. ते चुकीचे आहे हे माझ्या लक्षात यायला हवे होते, आणि ते आले नाही. मुलीच्या एका प्रश्नाने ते लक्षात आणून दिले.

प्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना तिने विचारले, "सर, कृष्णविवर जितकं जड तितकं दोन ठिपक्यांमधलं अंतर जास्त ना? मग आपण मोजलेल्या सहा विकलांवरून त्याचं वजन काढता येईल का?"

प्रश्न नेमका होता. त्या रात्री मी हिशेब केला. दीर्घिका आणि क्वेसार यांची अंतरे धरून सहा विकलांचे अंतर पाडायला सुमारे १.८ लाख कोटी सूर्यांइतके वस्तुमान लागते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर ४० लाख सूर्यांइतके आहे, एम ८७ दीर्घिकेतले ६५० कोटी सूर्यांइतके, आणि आजवर मोजलेली सर्वांत जड कृष्णविवरेसुद्धा काही हजार कोटींच्या घरातली आहेत. म्हणजे तक्त्यावर ज्याला श्रेय दिले होते, ते कृष्णविवर या कामाला कितीतरी पटींनी अपुरे होते.

तपासलेले पर्याय

बाईंचे मत होते की तक्त्यावर "कृष्णविवर" या जागी "दीर्घिका" एवढा बदल करून पुढे जावे. वेळ कमी होता आणि मुलीला इतर विषयांच्या चाचण्याही होत्या, त्यामुळे हे मत व्यवहाराला धरून होते. माझी अडचण अशी की मुलीने शब्द बदलला असता, पण आधीचा शब्द का चुकला हे तिला कळले नसते, आणि परीक्षकांनी तिथेच बोट ठेवले तर तिच्याकडे उत्तर नसते.

शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षकांनी सुचवले की तक्ता आहे तसाच राहू द्यावा. परीक्षक एवढ्या खोलात जाणार नाहीत, आणि ऐन वेळी चूक दाखवली तर मुलीचा उत्साह मावळेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मुलीचीच काळजी होती, हे मी मान्य करतो. तरीही जी गोष्ट चुकीची आहे हे आता आम्हा तिघांना माहीत होते, ती तिच्या तोंडून चारशे मुलांसमोर वदवून घेणे मला पटले नाही.

तिसरा पर्याय विषयच बदलण्याचा होता : १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले एम ८७ मधील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र घ्यायचे, म्हणजे "कृष्णविवर" हा शब्दही राहील आणि चूकही टळेल. पण मग खळ्यात जागून काढलेली रात्र आणि ते आठ पिक्सेल वाया गेले असते.

चौथा पर्याय, जो अखेर घेतला : उत्तर न सांगता तिला लागणारे आकडे द्यायचे आणि हिशेब तिनेच करायचा. यात धोका होता की प्रदर्शनापर्यंत काम पुरे होणार नाही. बाईंनी त्यासाठी एक अट घातली, आणि ती योग्य होती : २४ तारखेपर्यंत तक्ता तयार झाला नाही तर पहिला पर्याय घ्यायचा.

केलेली कृती

मुलीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. प्रतिमांमधील अंतर वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, आणि या जोडीच्या प्रसिद्ध झालेल्या ६.१ विकला अंतरासाठी १.८ लाख कोटी सूर्य लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने वहीच्या मागच्या पानावर मांडले : कृष्णविवर १०० कोटी सूर्यांचे धरले तर वस्तुमान १८०० पट कमी, १८०० चे वर्गमूळ साधारण ४२, म्हणून अंतर ६.१ भागिले ४२, म्हणजे ०.१४ विकला. तिने तेच एम ८७ मधल्या ६५० कोटींसाठीही करून पाहिले आणि ०.३७ आले. मग तिने स्वतःहून आमच्या दुर्बिणीची मर्यादा विचारली. एवढ्या आरशातून उत्तम हवेतही अर्ध्या विकलेच्या आतले दोन ठिपके वेगळे होत नाहीत, आणि खळ्यातल्या त्या रात्री हवेच्या थरथरीमुळे एकेक तारा तीन-चार विकलांइतका फुगलेला होता. वहीत तिने लिहिले, "नुसते कृष्णविवर असते तर आम्हाला एकच ठिपका दिसला असता." तक्त्यावरच्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आणि खोडरबर मात्र वापरले नाही.

यानंतर एक गोष्ट उघड झाली जी मला आधी सुचली नव्हती. चुकीचा उगम आमच्या प्रतिकृतीत होता. गुरुत्वीय भिंग दाखवण्यासाठी देठाच्या ग्लासाचा तळ वापरण्याची जुनी पद्धत आहे. आम्ही खानापुरातल्या एका कोल्ड्रिंक हाऊसमधून देठाशी तुटलेला फालुद्याचा ग्लास आणला होता आणि त्याच्या तळातून आलेखाच्या कागदावरचा ठिपका पाहत होतो. त्या काचेची जाडी देठाजवळ एकदम चढते आणि कडेकडे झपाट्याने उतरते. म्हणजे प्रकाश मध्यापासून जितका दूर, तितका तो कमी वाकतो. सगळे वस्तुमान एका बिंदूत असेल तर गुरुत्व असेच वागते. आम्ही मुलीच्या हातात कृष्णविवराची प्रतिकृती दिली होती आणि तिने तीत कृष्णविवर पाहिले, यात तिचा दोष काहीच नव्हता.

दीर्घिकेचे तसे नसते. तारे आणि त्याहून कितीतरी जास्त असलेले कृष्णद्रव्य (स्वतः न दिसणारे, फक्त गुरुत्वावरून जाणवणारे द्रव्य) दूरवर पसरलेले असते. मध्यापासून बाहेर जावे तसे आतले वस्तुमान जवळपास अंतराच्या प्रमाणात वाढत जाते, आणि त्यामुळे प्रकाश मध्याजवळून गेला काय किंवा दुरून गेला काय, तो साधारण तेवढाच वाकतो. जोड क्वेसारच्या बाबतीत ती दीर्घिका ज्या समूहात आहे त्या समूहाचाही हातभार आहे. अशी प्रतिकृती करायची तर काच उथळ शंकूच्या आकाराची हवी. ती कुठून आणणार? बाईंनी तोडगा काढला. फाइलच्या पारदर्शक कव्हराचा उथळ शंकू करून त्यात घट्ट शिजवलेले चायना ग्रास ओतले, वरून काचेची तावदानी ठेवली आणि गोठल्यावर उलटे केले. शंकू थोडा दुधाळ झाला, पण उजेडाच्या दिशेने धरल्यावर खालचा ठिपका टोकाच्या दोन्ही बाजूंना दोनदा दिसला.

आणि मध्ये एक तिसरा ठिपकाही दिसला, लहान आणि अंधूक.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता असे मी मानतो. मुलगी म्हणाली, "सर, हा मधला आकाशात कुठं आहे? आपल्या फोटोत तर नाही." मी पटकन उत्तर देणार होतो, पण थांबलो आणि तिला शंकूच्या टोकाला हात लावून पाहायला सांगितले. कव्हर जोडलेल्या टेपमुळे टोक बोथट राहिले होते. दुसरा साचा तिने टेप बाहेरून लावून केला, टोक धारदार आले, आणि मधला ठिपका गेला.

कृष्णविवराचे खरे काम तिला तेव्हा सापडले. वस्तुमान पसरलेले आणि मध्यभाग सौम्य असेल तर भिंगाला प्रतिमांची संख्या विषम द्यावी लागते, म्हणजे दोन मोठ्या प्रतिमांबरोबर मध्ये एक क्षीण प्रतिमा हवी. पण खऱ्या दीर्घिकांत तारे केंद्राकडे दाट होत जातात आणि अगदी मध्यात कृष्णविवर बसलेले असते. ते टोक जितके धारदार, तितकी मधली प्रतिमा क्षीण होते किंवा नाहीशीच होते. म्हणूनच बहुतेक भिंगी क्वेसारांत ती सापडत नाही. २००४ मध्ये विन, रुसिन आणि कोचानेक यांनी पी.एम.एन. जे१६३२-००३३ या क्वेसारची मधली प्रतिमा रेडिओ दुर्बिणींनी टिपली, आणि ती दिसते आहे एवढ्यावरूनच मधल्या दीर्घिकेतील कृष्णविवर २० कोटी सूर्यांहून जड नसणार असा निष्कर्ष काढला. जास्त जड असते तर त्याने ती पुसून टाकली असती.

त्याबरोबर दुसरे कृष्णविवरही नीट जागेवर बसले. क्वेसार मुळात उजळतो तो त्याच्या स्वतःच्या केंद्रातल्या कृष्णविवरामुळे. त्यात पडणारा वायू तप्त चकती होऊन फिरतो आणि पडण्यापूर्वी आपल्या वस्तुमानाच्या सुमारे दहा टक्के इतकी ऊर्जा बाहेर टाकू शकतो. ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना हे प्रमाण एक टक्काही नसते. नव्या तक्त्यावर मुलीने तीन रकाने केले : दिवा, भिंग आणि पुसलेला ठिपका. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात कृष्णविवर, मधल्यात दीर्घिका. तक्ता २३ तारखेला रात्री पूर्ण झाला.

एक मोह आणि तो टाळण्याचा निर्णय

दरम्यान आणखी एक निर्णय घ्यावा लागला. पहिल्या रात्रीनंतर पाच दिवसांनी घेतलेल्या छायाचित्रांत दोनपैकी बी ही प्रतिमा ए च्या तुलनेत जास्त उजळ दिसत होती. मधल्या दीर्घिकेतील एखादा तारा आड आला की प्रतिमेचे तेज बदलते, आणि त्यावरून क्वेसारच्या चकतीचा आकारही अजमावता येतो. आयनस्टाइन क्रॉस या चार प्रतिमांच्या क्वेसारमध्ये १९८९ मध्ये असा बदल नोंदला गेला आहे. आपल्यालाही तेच सापडले असे लिहावे, अशी मुलीची फार इच्छा होती. खरे सांगायचे तर माझीही होती.

पण बी प्रतिमेपासून भिंगाची दीर्घिका जेमतेम एका विकलेवर आहे. दुसऱ्या रात्री हवा खराब होती, आणि फुगलेल्या ठिपक्यात दीर्घिकेचा आणि शेजारच्या ए प्रतिमेचाही प्रकाश मिसळत होता. आम्ही चौकटीतल्या चार ताऱ्यांची फुगवट मोजली. पहिल्या रात्रीपेक्षा ती जवळपास दीडपट होती. दावा सोडून दिला आणि दोन्ही रात्रींची छायाचित्रे शेजारी लावून खाली कारण लिहिले.

मुलीची समजूत पटली ती एका जुन्या हकिगतीने. या दोन प्रतिमांच्या प्रकाशवाटा सारख्या लांबीच्या नसल्याने ए मध्ये दिसलेला बदल बी मध्ये उशिरा दिसतो. हा उशीर सुमारे ४१५ दिवसांचा की ५४० दिवसांच्या आसपास, यावर खगोलशास्त्रज्ञांत कित्येक वर्षे मतभेद होते. डिसेंबर १९९४ मध्ये ए चे तेज झपाट्याने घटले, तेव्हा टोमिस्लाव कुंडिक आणि सहकाऱ्यांनी घाई केली नाही. छोटा आकडा खरा असेल तर बी फेब्रुवारी १९९६ मध्ये घटेल असे आधी जाहीर केले, आणि ती तेव्हाच घटली. उशीर ४१७ दिवसांचा ठरला. "एवढे दिवस ते थांबले, मग आपण पण थांबू," एवढेच ती म्हणाली.

फलित

प्रदर्शनात प्रकल्पाला क्रमांक मिळाला नाही. सादरीकरणाला पाच मिनिटे होती, त्यातली जवळजवळ चार वर्गमुळाच्या हिशेबात गेली, आणि चायना ग्रासचे दोन्ही शंकू दाखवायचे राहिले. दोनपैकी एका परीक्षकांचे मराठी बेताचे होते. "दीर्घिका" हा शब्द त्यांना अडला. मुलीला कन्नड चांगले येते, पण या विषयाचे कन्नड शब्द तिने पाहून ठेवले नव्हते. "कप्पु रंध्र" (कृष्णविवर) हा एक शब्द तिला ठाऊक होता, आणि नेमक्या त्याच गोष्टीचे श्रेय ती कमी करत असल्याने परीक्षकांचा गोंधळ वाढला.

क्रमांक जाहीर झाल्यावर मात्र शेजारच्या शाळेतील काही मुले परत तिच्या टेबलाशी आली. तिने त्यांना आधी बोथट शंकू दिला, मग धारदार. तिसरा ठिपका कुठे गेला हे त्यांनी तिला विचारले, तिने उत्तर दिले नाही, आणि शंकूच्या टोकाला हात लावायला सांगितले.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

मूळ वाक्य मी दोनदा वाचून सोडले, ही पहिली चूक. "प्रचंड गुरुत्व" अशी शब्दयोजना दिसली की तिथेच "किती?" असे विचारायला हवे होते. १९१९ च्या ग्रहणात आयनस्टाइनचा सिद्धांत तपासला गेला; त्यानुसार सूर्याच्या कडेशी प्रकाश १.७५ विकलांनी वाकायला हवा, हा आकडा मुलीला आधीपासून पाठ होता. त्याच्या शेजारी दीर्घिकेचा आकडा पहिल्याच आठवड्यात मांडला असता तर बारा दिवसांची धावपळ टळली असती.

फालुद्याचा ग्लास मी यापुढेही वापरीन, पण आधी तो कशाची प्रतिकृती आहे हे सांगून. शंकूंसाठी चायना ग्रास सोयीचे असले तरी ते तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून सादरीकरणाच्या सकाळी नवे ओतावे लागतात. हे आम्हाला २७ तारखेला कळले.

हिशेब मुलीवर सोपवण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. सादरीकरणाचा क्रम मात्र उलटा हवा होता : आधी शंकू, मग छायाचित्र, आणि हिशेब कोणी विचारला तर. सीमाभागातल्या मराठी शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या तक्त्यावर मुख्य संज्ञा कन्नडमध्येही लिहून न्याव्यात, आणि त्या आदल्या आठवड्यात कन्नड माध्यमाच्या एखाद्या शिक्षकांकडून तपासून घ्याव्यात. पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) हीच मुले इंग्रजी संज्ञांना सामोरी जाणार आहेत, त्यामुळे दोन भाषांत एकच गोष्ट सांगण्याची सवय त्यांना तिथेही कामी येते.

जोड क्वेसारची तेजमापनाची वही आम्ही बंद केलेली नाही. पावसाळ्यात चार महिने आकाश दिसत नाही आणि बी प्रतिमेत मिसळणारा दीर्घिकेचा प्रकाश वेगळा काढण्याची रीत अजून नीट बसलेली नाही, त्यामुळे वहीत फक्त ए प्रतिमेचे आकडे भरले जातात. बी चा रकाना आखून ठेवला आहे. मुलीने तो कोरा ठेवला असून वर पेन्सिलीने लिहिले आहे : "हवा चांगली असेल त्या रात्री."